जुन्या पल्सरचे दणके कमी करायचेत? आधी हवा, मग बुश, मग ऑईल. नवे शॉकअप सगळ्यात शेवटी

कळंब (प्रतिनिधी) : आपल्या भागात कुठल्याही गावच्या पारावर पाच गाड्या उभ्या असतील तर त्यात एक तरी जुनी पल्सर असतेच. कुणाची १५०, कुणाची १८०, कुणा हौशी गड्याची २२०. कॉलेजला असताना घेतलेली, आता डेअरीला, शेताला आणि तालुक्याला पळते. इंजिन अजून दमदार आहे, पिकअप आहे, पण खड्ड्यात गेली की दणका थेट मणक्यात. घरची माणसं मागं बसायला तयार होत नाहीत. मग कुणी म्हणतं गाडी विकून टाका, कुणी म्हणतं दोन्ही शॉकअप नवे टाका.

दोन्ही सल्ले घाईचे आहेत. दहा-पंधरा वर्षांची गाडी दणके देते त्याला बहुतेक वेळा वय कारण नसतं, राहिलेली देखभाल कारण असते. आणि ही देखभाल एका ठरावीक क्रमानं केली तर अर्धं काम फुकटात, उरलेलं बरंचसं शेकड्यात होतं. हजारांचा खर्च सगळ्यात शेवटी येतो, आणि कित्येकदा येतच नाही. तोच क्रम इथं सविस्तर दिला आहे. कात्रण करून किंवा मोबाईलमध्ये ठेवून द्या, गॅरेजला जाताना उपयोगी पडेल.

आपली गाडी नेमकी कोणती, ते आधी बघा

बजाजनं पल्सर १५० आणि १८० या गाड्या २००१ साली आणल्या. पहिल्या गाड्यांना १८ इंची चाकं आणि मागं साधे स्प्रिंगचे शॉकअप होते. २००५ च्या सुमारास १७ इंची मॅकव्हील आले आणि मागं गॅस भरलेले, बाजूला छोटी डबी असलेले नायट्रॉक्स शॉकअप आले. २००९ साली १८० ला पुढचे पाईप जाड, म्हणजे ३७ मिलिमीटरचे झाले, ट्यूबलेस टायर आले आणि मागचा टायर १२०/८०-१७ झाला. कार्बोरेटरची २२० पण त्याच वर्षी आली. जुन्या १५० ला मात्र पुढचे पाईप बारीक आणि मागचा टायर १००/९०-१७ असतो.

हे सांगायचं कारण असं, की सुट्टा भाग घेताना नुसतं "पल्सरचा द्या" म्हटलं की दुकानदार हाताला येईल ते देतो. बारीक पाईपच्या १५० चं ऑईल सील जाड पाईपच्या १८० ला बसत नाही. आरसी बुकावरचं मॉडेल आणि साल दाखवूनच माल घ्या. जुना भाग काढून सोबत नेला तर सगळ्यात बरं.

स्प्रिंग आणि ऑईल: दोघांची कामं वेगळी

शॉकअपमध्ये दोन गडी काम करतात. स्प्रिंग दणका झेलते, म्हणजे दबते. पण दबलेली स्प्रिंग परत उसळी मारणारच. ती उसळी मारू नये म्हणून आत ऑईल असतं. हे ऑईल बारीक छिद्रातून इकडून तिकडं जाताना अडतं आणि झुलणं थांबवतं.

यावरून खूण लक्षात ठेवा. गाडी गतिरोधकावरून गेल्यावर दोन-तीनदा झुलत असेल तर ऑईलचं काम संपलंय. गाडी दगडासारखी दणकत असेल तर हवा जास्त आहे, किंवा कुठंतरी काही अडकतंय, गंजलंय, किंवा चुकीचं ऑईल भरलंय. आणि "खट-खट" आवाज येत असेल तर बहुतेक वेळा दोष शॉकअपचा नसतोच, तो बुशचा किंवा बॉल रेसरचा असतो. आवाज ऐकून शॉकअप बदलणारे बरेच जण पैसे घालवून बसतात आणि आवाज तसाच राहतो.

पायरी १ : हवा. खर्च जवळपास शून्य

सगळ्यात मोठा फरक इथं पडतो आणि सगळ्यात कमी लक्ष इथंच असतं. पंक्चरच्या दुकानात गेलो की "टाईट भर" म्हणायची आपल्याला सवय आहे. कधी ३५, कधी ४० भरली जाते. एवढी हवा भरलेला टायर म्हणजे रबरी दगड. बारीक खडी, डांबराचे चट्टे, पुलावरचे जोड हे सगळं टायरनं गिळायचं असतं. तो गिळत नाही म्हणून ते शॉकअपवर आणि तिथून तुमच्या पाठीवर येतं.

१७ इंची चाकाच्या पल्सरला पुढं २५, मागं एकटं असाल तर २८ आणि डबल सीट असाल तर ३२ पीएसआय हवा लागते. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. टायर वेगळ्या मापाचा टाकला असेल तरी हा आकडा बदलू शकतो.

हवा गाडी थंड असताना तपासा. तालुक्याहून वीस किलोमीटर उन्हात गाडी चालवून लगेच हवा मोजली तर काटा जास्त दाखवतो. सकाळी डेअरीला जायच्या आधी मोजलेली हवा खरी. दुकानातल्या काट्यावर भरवसा नसेल तर खिशात मावेल असा छोटा गेज घ्या. गावात चार जणांत एक पुरतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. गाडी मऊ लागावी म्हणून हवा १८-२० वर आणू नका. खड्ड्याची कडा थेट मॅकव्हीलला लागते, चाक वाकतं किंवा चिरतं. वळणावर गाडी लोळते ती वेगळीच.

हवा बघताना टायरचं वयही बघा. टायरच्या बाजूला चार आकडे एका चौकटीत छापलेले असतात. २३१९ असं असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शिल्लक आहे म्हणून आठ-दहा वर्षं जुना टायर चालवणारे पुष्कळ आहेत. उन्हानं त्याचं रबर कडक झालेलं असतं, बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात. असा टायर दणकेही देतो आणि ओल्या रस्त्यावर घसरतोही. टायर बदलायची वेळ आली तर मूळ मापाचाच घ्या. हौसेनं फार रुंद टायर टाकला की तो जड असतो, चेनजवळ घासायची भीती असते, आणि शॉकअपला जड चाक वर-खाली करावं लागतं म्हणून दणका वाढतोच.

पायरी २ : चेन, चिमटा आणि बॉल रेसर

गाडी मेन स्टँडवर लावा. आता तीन गोष्टी हातानं तपासायच्या. पाना सुद्धा लागत नाही.

चेन : मधोमध बोटानं वर-खाली करा. साधारण इंचभर हलली पाहिजे. चेन ताणून ठेवली की मागचं चाक वर जाताना तीच अडवते. चाक वर-खाली होताना चेनची लांबी कमी-जास्त लागते, तेवढी ढील तिला हवीच. फार टाईट चेन असेल तर नवे शॉकअप टाकूनसुद्धा गाडी दणकणारच, आणि गिअरबॉक्सकडच्या बेअरिंगचं आयुष्य जातं ते वेगळं. चाकाची गुंडी सगळीकडं सारखी नसते, म्हणून चाक फिरवून तीन-चार जागी बघा.

चिमटा : मागचं चाक दोन्ही हातांनी धरून डावीकडं-उजवीकडं ढकला. चाक हललं तर आता चिमट्याला हात लावून परत ढकला. चिमटा स्वतः हलत असेल तर त्याचे बुश किंवा बेअरिंग गेले. चिमटा स्थिर आणि नुसतं चाक हलत असेल तर चाकाचं बेअरिंग गेलं. चिमट्याचा बोल्ट कधीच ग्रीस न केलेल्या गाड्या आपल्याकडं भरपूर आहेत. पावसाळ्यात चिखल, त्यावर धुवायचं प्रेशरचं पाणी, आत गंज. मग चिमटा फिरायला जड होतो आणि शॉकअप चांगला असून गाडी कडक लागते. बुश बदलून, बोल्ट घासून, ग्रीस भरून घेतलं की मागच्या बाजूत फरक लगेच कळतो.

बॉल रेसर : इंजिनखाली लाकूड लावून पुढचं चाक अधांतरी करा. पुढच्या पाईपचं खालचं टोक धरून मागं-पुढं हलवा. टक-टक झालं तर बॉल रेसर सैल आहे. मग हॅण्डल अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर बॉल रेसरला खड्डे पडलेत. तो आवळून काही होत नाही, सेट बदलावा लागतो. हा भाग गेलेला असेल तर ब्रेक मारताना पुढून खट्ट वाजतं आणि ७० च्या पुढं हॅण्डल थरथरतं. लोक याला "शॉकअप वाजतंय" म्हणतात.

पायरी ३ : पुढच्या शॉकअपचं ऑईल आणि सील

आता मुख्य कामाकडं येऊ. इंजिन ऑईल आपण वेळेवर बदलतो, पण पुढच्या शॉकअपमध्ये ऑईल असतं आणि तेही बदलायचं असतं हे कितीतरी जणांना माहीतच नाही. माझ्या स्वतःच्या १८० चं ऑईल काढलं तेव्हा ते काळं, पातळ आणि वासाला कुजकं निघालं होतं. असं ऑईल झुलणं थांबवूच शकत नाही.

तपासायची पद्धत सोपी. पुढचा ब्रेक धरून गाडी जोरात खाली दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक. परत खाली-वर झाली तर ऑईल संपलंय. दाबताना अडकत, खरखरत गेली तर पाईप गंजलाय किंवा वाकलाय. आणि चकचकीत पाईपवर तेलाचा ओला पट्टा दिसला तर सील गेलंय.

सील गेलेलं असेल तर एक दिवसही ढकलू नका. कारण आरामाचं नाही, जिवाचं आहे. पाईपवरून ओघळणारं ऑईल खाली डिस्कवर आणि कॅलिपरमध्ये जातं. डिस्कला तेल लागलं की पुढचा ब्रेक लागतच नाही. आणि गाडी थांबवण्याचा मोठा वाटा पुढच्याच ब्रेकचा असतो. ऊस गाळप हंगामात समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर येतोय आणि ब्रेक दाबला तरी गाडी थांबत नाही, हा प्रसंग कुणावर येऊ नये. ब्रेक पॅडला तेल लागलं असेल तर ते पेट्रोलनं पुसून परत बसवू नका. पॅड नवे टाका, डिस्क नीट साफ करून घ्या.

काम करून घेताना या गोष्टींवर नजर ठेवा :

एक. दोन्ही बाजूंचं ऑईल आणि दोन्ही सील एकाच वेळी बदला. एका बाजूचं नवं, एका बाजूचं जुनं असेल तर दोन पाय वेगवेगळ्या ताकदीनं दबतात.

दोन. फोर्क ऑईलच भरा. डब्यात उरलेलं इंजिन ऑईल ओतायची पद्धत काही ठिकाणी आहे. ते जाड असतं. थंडीच्या दिवसांत तर आणखी जाड होतं आणि सकाळी गाडी लोखंडी सळईसारखी लागते. गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड दिला आहे तोच घ्या.

तीन. माप महत्त्वाचं. मॉडेलप्रमाणे किती मिली ते पुस्तकात असतं. मापाच्या ग्लासानं मोजून दोन्हीकडं सारखं भरायला सांगा. "थोडं जास्त टाक, चांगलं बसेल" असं म्हणू नका. पाईपमध्ये ऑईलच्या वर हवेची मोकळी जागा ठेवलेली असते. जास्त ऑईलनं ती जागा कमी होते, मोठ्या खड्ड्यात हवा कोंडते, शॉकअप कडक होतो आणि नवं सील फुटून बाहेर येतं.

चार. पाईप नखानं तपासा. नख अडकेल असे गंजाचे खड्डे असतील तर नवं सील आठवड्यात कापलं जाईल. बारीक गंज बारीक पॉलिश पेपरनं निघतो. खोल असेल तर पाईप बदलणं किंवा चांगल्या ठिकाणी क्रोम करून घेणं हाच मार्ग. आपल्याकडं पाईप लवकर गंजतात त्याला कारण आहे. खताची पोती गाडीवर नेतो, युरियाचा कण पाईपवर पडतो, वर ओल लागते. खत वाहून आणलं की त्याच दिवशी साध्या पाण्यानं पाईप धुऊन कोरड्या फडक्यानं पुसायचे. एवढ्यानं सीलचं आयुष्य वाढतं.

पाच. स्प्रिंगची लांबी बघायला सांगा. दोन्ही स्प्रिंग शेजारी ठेवल्या की एक बसलेली असेल तर डोळ्याला दिसते.

सहा. सगळं जोडताना पुढच्या चाकाचा आस शेवटी आवळायचा. आधी सैल ठेवून पुढून गाडी चार-पाच वेळा दाबायची, दोन्ही पाय सरळ रेषेत बसतात, मग आवळायचं. ही दोन मिनिटांची गोष्ट गडबडीत राहते आणि नव्या ऑईलवर पण गाडी अडखळत दबते.

कधी कधी सील फाटलेलं नसतं, त्याच्या ओठात माती अडकलेली असते. वरचं डस्ट कव्हर हळूच वर सरकवून जुन्या फोटोच्या निगेटिव्हची पातळ पट्टी सीलच्या कडेनं फिरवली तर माती निघते आणि गळती थांबते. थांबली नाही तर मात्र सील बदलायचंच.

पायरी ४ : मागचे शॉकअप. आधी सेटिंग, मग बदल

पल्सरच्या मागच्या शॉकअपला खाली-वर फिरणारी खाचांची चकती असते. तिला ५ पायऱ्या असतात. टूलकिटमधल्या वाकड्या पान्यानं ती फिरते. गंमत अशी, की कित्येक गाड्यांची चकती विकत घेतल्यापासून फिरलेलीच नाही. किंवा कधीतरी घरच्यांना घेऊन यात्रेला जाताना पाचवर नेली, ती आजही पाचवरच आहे आणि मालक एकटाच दणके खात फिरतोय.

एकटे असाल तर पहिली किंवा दुसरी खाच. मागं माणूस असेल तर तिसरी-चौथी. मागं माणूस आणि सामान दोन्ही असेल तर पाचवी. दोन्ही बाजूंना एकच खाच हवी. चकती जाम असेल तर हातोडी मारू नका, तेल सोडून रात्रभर ठेवा, ब्रशनं माती काढा, मग फिरवा.

इथं एक गैरसमज दूर करतो. चकती फिरवल्यानं स्प्रिंग ताकदवान होत नाही आणि आतलं ऑईलही बदलत नाही. गाडीची मागची उंची वजनाप्रमाणे योग्य जागी येते एवढंच. म्हणून गाडी झुलत असेल तर चकतीनं ती थांबणार नाही.

शॉकअप खरंच गेलाय हे कधी मानायचं? दांड्यावर तेल पाझरलेलं दिसलं, गतिरोधकानंतर गाडी तीनदा झुलली, किंवा मागच्या टायरची नक्षी लाटेसारखी कमी-जास्त झिजली तर. त्याआधी शॉकअपच्या दोन्ही टोकांचे रबरी बुश बघा. ते फाटले की लोखंडावर लोखंड वाजतं. बुश स्वस्तात मिळतात.

नायट्रॉक्सच्या डबीत दाबाखाली गॅस असतो. ती उघडणं, भोक पाडणं, तिच्याजवळ वेल्डिंग करणं हे कुणी कितीही खात्रीनं सांगितलं तरी करू देऊ नका. "गॅस भरून देतो" असं कुणी म्हणालं तर वॉरंटी किती दिवसांची आणि लेखी देणार का, एवढंच विचारा.

नवे घ्यायचे ठरले तर जोडीनं घ्या आणि मूळ लांबीचेच घ्या. लांब शॉकअप टाकून गाडीचा मागचा भाग उंच करायची फॅशन पोरांमध्ये आहे. त्यानं चेनचा कोन बदलतो, साइड स्टँड आखूड पडतो, पुढचा भार वाढतो आणि ब्रेकमध्ये गाडी नाकावर येते. फ्रेम कापून, वेल्डिंग करून एकच मोनोशॉक बसवणं तर टाळाच. फ्रेमला त्या जागी भार घ्यायची ताकद दिलेली नसते. शिवाय आरसीवरच्या मूळ तपशीलाशी जुळणार नाही असा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नं मनाई आहे. गाडीला १५ वर्षं झाली की आरसीचं नूतनीकरण करावं लागतं आणि तेव्हा गाडी तपासणीला न्यावी लागते. तिथं असली गाडी अडकू शकते.

पायरी ५ : सीट आणि ओझं

एवढं करूनही बुड दुखत असेल तर सीटकडं बघा. दहा पावसाळे खाल्लेला फोम पाणी धरतो आणि बसून पातळ होतो. हातानं दाबल्यावर खालचा पत्रा किंवा प्लॅस्टिक लागत असेल तर फोम संपला. कुशनवाल्याकडून नवा फोम घालून घ्या, पण फार मऊ नको. मऊ फोम दुकानात छान वाटतो, दहा किलोमीटरवर माणूस खाली टेकतो. फोम घालताना सीटची उंची वाढू देऊ नका, पाय टेकायला अडचण होते.

ओझ्याचंही गणित आहे. ४० लिटरचं दुधाचं कॅन भरलं की नुसतं दूधच ४० किलोच्या वर जातं. युरियाचं पोतं ४५ किलोचं, डीएपीचं ५० किलोचं. एका बाजूला भरलेलं कॅन आणि दुसरी बाजू रिकामी असेल तर एकच शॉकअप मरतो. दोन्ही बाजूंना सारखं वजन, शक्य तेवढं खाली आणि शक्य तेवढं पुढं, हा नियम. कॅरिअरच्या पार टोकाला वजन बांधलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हॅण्डल ऐकत नाही. ओझं असेल त्या दिवशी मागची हवा ३२ आणि चकती वरच्या खाचेवर. ओझं उतरलं की परत खाली. हा एक मिनिटाचा त्रास आहे, पण शॉकअपचं आयुष्य त्यावर ठरतं.

आणि चालवण्याची एक सवय. खड्डा चुकवता येत नसेल तर त्याच्या आधी वेग कमी करा, खड्ड्यात चाक जाताना पुढचा ब्रेक सोडा. ब्रेक धरलेला असला की पुढचा शॉकअप आधीच दबलेला असतो, त्याच्याकडं दणका घ्यायला जागाच उरत नाही. त्या क्षणी बुड सीटवरून किंचित उचलून वजन पायांवर घ्या. गुडघे हे देवानं दिलेले शॉकअप आहेत.

फरक पडला की नाही, ते मोजा

नुसत्या अंदाजावर जाऊ नका. पुढच्या चकचकीत पाईपवर एक प्लॅस्टिकची बारीक टाय-क्लिप बांधा, फार आवळू नका. ती सीलला टेकवून ठेवा आणि रोजच्या रस्त्यानं एक फेरी मारा. शॉकअप जास्तीत जास्त किती दबला ते क्लिप दाखवेल. क्लिप जेमतेम दोन बोटं सरकली तर शॉकअप कामच करत नाही, कडक आहे. क्लिप पार वरच्या टोकाला जाऊन भिडली तर स्प्रिंग बसली आहे किंवा ऑईल कमी आहे. मोठ्या खड्ड्यात सुद्धा थोडी जागा शिल्लक राहिली तर काम बरोबर झालंय. प्रत्येक पायरीनंतर हीच फेरी, त्याच रस्त्यानं मारा. दोन कामं एकदम केली तर फरक कशानं पडला ते कळत नाही.

मिस्त्रीला विचारायचे पाच प्रश्न

आपले गावचे मिस्त्री हुशार आहेत, पण गर्दीच्या दिवशी घाई होते. म्हणून काम टाकतानाच विचारून घ्या.

१. नेमका कोणता भाग गेलाय, मला हातानं हलवून दाखवता का?
२. शॉकअप बदलायच्या आधी बुश आणि बॉल रेसर बघितले का?
३. फोर्क ऑईल कोणतं आणि किती मिली टाकणार?
४. जुने सील, बुश, पाईप मला परत देणार का?
५. भाग कंपनीचा आहे की लोकल, आणि पक्कं बिल मिळेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जो हात काळे करून दाखवतो त्याच्याकडं गाडी द्यायला हरकत नाही. जो गाडी न हलवताच "दोन्ही शॉकअप गेले" म्हणतो, त्याच्याकडून पुढच्या गॅरेजला जा.

वर्षाचं वेळापत्रक

दर आठवड्याला : हवा. चेनची ढील.
खत-मीठ वाहिल्यावर त्याच दिवशी : पुढचे पाईप धुऊन पुसणं.
पेरणीच्या आधी : चिमटा, बॉल रेसर, टायरच्या भेगा, सीलची गळती.
दिवाळीनंतर, चिखल संपल्यावर : चिमट्याला ग्रीस, मागच्या चकतीची साफसफाई.
दर दोन वर्षांनी किंवा पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला : फोर्क ऑईल.

जुनी पल्सर यानं नव्या गाडीसारखी मऊ होईल असं नाही. तिची बांधणीच जरा कडक आहे, आणि खडी उघडी पडलेल्या रस्त्यावर कोणतीही गाडी दणका देणारच. पण "विकून टाकू" म्हणणाऱ्यानं आधी पहिल्या तीन पायऱ्या करून बघाव्यात. सोयाबीनला भाव नसलेल्या सालात नव्या गाडीचा हप्ता अंगावर घेण्याआधी, घरी उभी असलेली गाडी नीट होते का हे दोन-चार दिवसांत कळतं. आणि सील गळत असेल, तर तेवढं एक काम उद्यावर टाकू नका.